पाठवणीच्या गाडीच्या स्प्रिंगा

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि चांगली चालती गाडी मुद्दाम खाली बसवायला निघालेला पहिला माणूसही मीच. पहिल्या गोष्टीचे माझ्या वडिलांनी, आबांनी, आमच्या निरगुडसर गावभर पेढे वाटले. दुसरीबद्दल ते अजून कुणाशी बोलत नाहीत.

आमच्याकडे गाडी खाली बसली, तर माणूस खाली उतरून कपाळाला हात लावतो. पिकअप घेतली, की लोक पहिल्याच आठवड्यात मंचरला नेऊन तिच्या मागच्या स्प्रिंगांचे पाटे वाढवतात. रिकामी असताना ती मागून एवढी वर पाहिजे, की दूध प्यायला वाकलेल्या मांजरासारखी दिसली पाहिजे. मग तिच्यात कांद्याची पोती रचली, की ती कुठं सरळ होते. गाडी जितकी उंच, तितका तिच्या मालकाचा शब्द जड. आणि मी, मेकॅनिकल इंजिनियर, चाकणच्या कारखान्यात नोकरीला, स्वतःची गाडी दोन इंच खाली आणायचा विचार करत होतो!

गाडी जुनीच घेतली होती. पुण्यातल्या एका गृहस्थाला दुसरं मूल झालं आणि त्याला कळलं, की या गाडीत पहिलंच मावत नाही. म्हणून त्यानं विकली. लाल रंग, दोनच दारं, मागं शेपटीसारखा एक छोटा पंख. मागच्या सीटवर जायचं, तर पुढची सीट वाकवून, मान आत, एक पाय आत, मग उरलेला माणूस, असं हप्त्याहप्त्यानं जावं लागे. कारखान्यातल्या माझ्या एका सहकाऱ्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डॉक्टरसारखा चेहरा करून सांगितलं, "गाडी छान आहे. पण उभी फार राहते."

"म्हणजे?"

"लोअरिंग स्प्रिंगा टाक. आखूड असतात. गाडी दोन इंच खाली येते. वळणावर झुकत नाही. आणि दिसते कशी, माहितीये? दबा धरून बसलेल्या बिबट्यासारखी!"

(आमच्या उसात खरंच बिबटे दबा धरून बसतात, आणि त्यांना पाहून कुणाला गाडी आठवत नाही. पण ते मला त्या वेळी सुचलं नाही.)

पुण्यातल्या मिस्त्रीनं सांगितलं, "स्प्रिंगा मुंबईहून मागवाव्या लागतील. एकदा मागवल्या, की परत घेत नाहीत. वीसएक दिवसांत हो का नाही ते सांगा." आणि बरोबर एकविसाव्या दिवशी माझ्या बहिणीचं लग्न होतं.

आता बहिणीबद्दल सांगायला हवं. मंगल माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावीला तिला माझ्यापेक्षा चार टक्के जास्त पडले. पण घरात एकाच्याच पुढच्या शिक्षणाची सोय होती, आणि कुणी काही बोलायच्या आत तिनंच सांगून टाकलं, "दादाला जाऊ द्या पुण्याला. मला गणित आवडत नाय." (गणितात तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते.) तेव्हापासून ती टोमॅटो तोडत राहिली आणि मी वसतिगृहात बसून तिनं पाठवलेले लाडू खात राहिलो. माणूस असल्या गोष्टी तोंडावर बोलून दाखवत नाही. निदान आमच्याकडे तरी नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, की मंगलची पाठवणी अशा थाटात करायची, की निरगुडसर ते तिच्या सासरच्या वारूळवाडीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली पाहिजेत. माझ्या लाल गाडीतून. आणि ती गाडी बिबट्यासारखी दिसली पाहिजे.

मंगलला मी हे सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"मला इचारतोयस का सांगतोयस?" ती म्हणाली.

"सांगतोय."

"मग बरंय," असं म्हणून तिनं एक खडा उचलून माझ्या दिशेनं टाकला.

याद्यांच्या दिवशी प्रकरण चव्हाट्यावर आलं. लग्नात कोणी काय करायचं, काय द्यायचं, हे दोन्हीकडची मंडळी बसून कागदावर लिहितात. कागदाला हळद-कुंकू लागतं आणि मग त्यात ब्रह्मदेवालाही खाडाखोड करता येत नाही. वारूळवाडीहून नवरदेवाचे चुलते तात्या आले होते. पांढरी टोपी, पांढरे कपडे, आवाज पंपाच्या मोटरीसारखा. त्यांनी विचारलं, "पाठवणीची गाडी कुनाची?"

"माझी," मी अभिमानानं म्हणालो. आणि गप्प बसायचं सोडून पुढं बोललो, "फक्त ती खाली करायची का नाही, ते अजून ठरायचंय."

चहाची बशी तोंडाशी नेलेला एकजण तसाच थांबला.

"खाली म्हंजी? काय बिघाड हाय का?"

"बिघाड नाही. चांगली आहे. म्हणूनच."

तात्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी आढ्याकडे पाहिलं.

"खाली म्हंजी जिमिनीपासनं किती ऱ्हाईल?"

मी हातानं दाखवलं. तात्यांनी माझ्या दोन तळव्यांमधली जागा बराच वेळ न्याहाळली.

"आवं, मग नवरी चालतच येऊ द्या की! तेवढीच उंच दिसंल."

सगळे हसले. आबा तेवढे हसले नाहीत. त्यांचा माझ्या शिक्षणावर आंधळा विश्वास. "शिकलाय त्यो," ते म्हणाले. "असंल काय तरी कारण." हे वाक्य त्यांनी माझ्या बाबतीत आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय, की त्यातला विश्वास संपून आता नुसती सवय उरली असावी.

यादीत लिहिलं गेलं: 'पाठवणी, नवरीच्या भावाच्या लाल गाडीतून.' हळद-कुंकू लागलं. आता माघार नाही.

मंडळी गेल्यावर किसनमामा माझ्याजवळ सरकला. किसनमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मंचरच्या बाजारात कांदा-बटाट्याचा व्यापार. त्याच्या पिकअपला पाटे इतके वाढवलेले, की तिच्यात चढायला स्टूल लागायचं. मामा म्हणाला, "भाचं, एक इचारू? बैल घ्यायच्या आदी आपन काय करतो?"

"दात बघतो."

"आनी?"

"ओझं लावून बघतो."

"मग स्प्रिंगा घ्यायच्या आदी गाडी खाली करून बघ. आवडली तर घे. न्हाई आवडली तर घेऊ नको."

"अरे मामा, स्प्रिंगा न घेता गाडी खाली कशी होणार?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत चार वर्षांच्या इंजिनियरिंगबद्दल अपार करुणा होती.

"कांदा हाय की!"

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, की विद्यापीठानं या माणसाला घरी येऊन पदवी द्यायला हवी. स्प्रिंगवर जितकं वजन टाकावं, तितकी ती दबते, हा नियम मी परीक्षेत तीन वेळा लिहिला होता. (दोनदा नापास झालो म्हणून तीन वेळा.) मग काय! अंगणात गाडी उभी केली, मी फूटपट्टी घेऊन चाकाजवळ ओणवा झालो, आणि मामानं पहिलं पोतं मागच्या डिकीत टाकलं.

"किती बसली?"

"पाऊण इंच!"

"टाकू का दुसरं?"

"टाक!"

"आता?"

"दीड!"

तिसरं पोतं डिकीत मावेना, ते मागच्या सीटवर बसवलं. सव्वादोन इंच! जगात स्प्रिंगची मापं पुष्कळांनी काढली असतील. ती कांद्याच्या पोत्यांत काढणारा मी पहिला. मी चार पावलं मागं सरकलो आणि डोळे बारीक करून गाडीकडे पाहिलं. मागून ती अप्रतिम दिसत होती. पण पुढून? पुढून ती आकाशातलं विमान बघणाऱ्या बदकासारखी नाक वर करून उभी होती. सगळं वजन मागं!

"पुढं पन टाकू की," मामा म्हणाला.

"पुढं इंजिन आहे, मामा."

"मग मी बसतो." आणि एवढा मोठा व्यापारी माणूस टुणकन बॉनेटवर चढून मांडी घालून बसला. आता गाडी चारी बाजूंनी समान खाली आली. बिबट्या! फक्त त्याच्या टाळूवर एक मामा होता.

मंचरपर्यंत चालवून बघायचं ठरलं. (मामा बॉनेटवरून उतरला. म्हणजे आम्ही उतरवला. त्याला तिथं गार लागत होतं.) शेजारी आबा बसले. पहिल्या गतिरोधकावर खालून 'खर्रर्र' असा आवाज आला, तसे आबांनी दोन्ही पाय वर घेतले. दुसऱ्यावर त्यांनी देवाचं नाव घेतलं. तिसऱ्यावर माझं घेतलं. वाटेत एक मोटारसायकलवाला शेजारी आला आणि ओरडला, "भाऊ, पाटा तुटला का वं?" मी मान हलवली. पुढं एक ट्रॅक्टरवाला थांबला आणि मदतीला दोर घेऊनच उतरला. लोकांची माया केवढी! शेवटी मंचरच्या चौकात वाहनांच्या गर्दीत अडकलो, तेव्हा एका अडत्याच्या माणसानं मागच्या काचेतून सीटवरचं पोतं पाहिलं, माझ्या उघड्या खिडकीतून हात घालून एक कांदा काढला, दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "माल बरा हाय. पन एवढ्या भारी गाडीतून आनलाय म्हंजी भाव वाढवून मागनार तुमी."

घरी आल्यावर मी वहीत दोन रकाने पाडले. 'खाली करावी' आणि 'खाली करू नये'. दुसऱ्या रकान्यात चौदा गतिरोधक, कालव्याची एक चारी, दोन ओढे आणि आबा अशी यादी झाली. पहिल्या रकान्यात एकच नोंद होती: 'दिसते छान.' सरळ उत्तर होतं. पण माणूस शिकला, की त्याला सरळ उत्तरावर संशय येतो. मी म्हटलं, घाई नको. पोती राहू देत आत. रोज थोडं बघू, मग ठरवू. कारखान्यातून आठवडाभराची रजा काढली होती, ती मी वाढवून घेतली. रोज सकाळी उठायचं, गाडीभोवती फिरायचं, चूळ भरत भरत तिच्याकडे तिरकं बघायचं. असे सोळा दिवस गेले. आई म्हणायची, "पोरीच्या लग्नाचं काम सोडून ह्यो कांद्याला परदक्षिना घालतोय!"

लग्नाच्या आदल्या दिवशी पोती काढली. तिन्ही. आणि गाडीकडे वळून पाहिलं, तर गाडी वर आलीच नाही! मागून तशीच बसलेली. दोन इंच खाली, बिनपोत्याची!

आता स्प्रिंगवर सोळा दिवस ओझं ठेवलं आणि ते काढल्यावर ती परत वर आली नाही, तर याचा अर्थ काय, हे कुठलाही मेकॅनिकल इंजिनियर झोपेत सांगेल. मी पूर्ण जागा होतो. आणि मी काय केलं? मी टाळी वाजवली! मला वाटलं, मुंबईहून काही मागवायलाच नको, आपलं काम कांद्यानं फुकटात केलं! मी गाडी धुतली, झेंडूच्या माळा लावल्या आणि आत सहा उदबत्त्या लावून दारं बंद केली. उघडल्यावर देवळात कुणीतरी भजी तळतंय, असा वास आला. असो.

लग्न छान झालं. जेवणं झाली. उन्हं उतरायच्या सुमारास पाठवणीची वेळ आली, तशी गाडी मांडवाच्या दारात आणून लावली. वाजंत्री सुरू झाली. आया-बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी फेटा बांधून, नवा कोट घालून चालकाच्या जागेवर बसलो. माझ्या शेजारी नवरदेव नितीन. बिचारा सहा फूट उंच, वर फेटा, फेट्यावर तुरा. छत जिथं संपत होतं तिथून त्याचा तुरा सुरू होत होता. म्हणून तो मान खांद्यावर टाकून बसला. फोटोवाला म्हणाला, "नवरदेव, मान सरळ." नवरदेव म्हणाला, "हीच सरळ हाय."

मागच्या सीटवर मंगलला बसवायचं होतं. शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा, नाकात नथ. तीन बायकांनी तिला आधी पुढून ढकललं. जमेना. मग तिला उलटी फिरवून पाठीकडून आत सोडली. आतून तिचा आवाज आला, "माजा एक पाय भायेर ऱ्हायलाय!" तो पाय कुणीतरी दुमडून आत दिला. शेजारी करवली बसली. डिकीत पितळी हंडा आणि घागर ठेवली. गाडी आणखी इंचभर खाली गेली. आता ती बिबट्यासारखी नव्हे, सरपटणाऱ्या घोरपडीसारखी दिसत असणार, पण मला आत बसून ते दिसत नव्हतं.

मामानं रिवाजाप्रमाणे मागच्या चाकापुढं नारळ ठेवला. नवरीची गाडी नारळ फोडूनच निघते. मी पहिला गियर टाकला. गाडी हलली. फट् असा आवाज यायला हवा होता.

आला नाही. 'गडप्' असा आला.

नारळ चाकाखालून निसटला, आतल्या बाजूला घरंगळला आणि गाडीचं पोट व जमीन यांच्यामध्ये गच्च बसला. मी आणखी रेस दिली. मागचं चाक अर्धवट उचललं गेलेलं. ते जागेवरच गरगरा फिरलं. मांडवापुढं सकाळी धूळ बसावी म्हणून भरपूर पाणी मारलेलं होतं. तो सगळा चिखल कारंज्यासारखा उडाला आणि मागं उभ्या तात्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर जाऊन स्थिरावला. तात्या आपादमस्तक चॉकलेटी झाले.

"थांब! थांब रं!" मामा ओरडला. "नारळ फुटंना!"

"मागं घेतो!" मी गियर बदलला.

"अगं बया बया!" नवरदेवाच्या आत्या गाडीपुढून धावत माझ्या खिडकीशी आल्या. सगळ्या रिवाजांची राखण त्यांच्याकडे असावी. "नवरीची गाडी मागं न्हेत्यात व्हय? गाडी मागं ग्येली तर नवरी माघारी येती!"

म्हणजे पुढं नारळ जाऊ देईना, मागं आत्या जाऊ देईनात! वाजंत्रीवाल्यांनी पाठवणीची करुण धून चौथ्यांदा सुरू केली. रडणाऱ्या बायकांचं रडून संपलं होतं. त्या आता पदर सोडून बघायला पुढं आल्या.

"उचला!" कुणीतरी सुचवलं. आठ जण लागले. आम्ही चौघं आत असतानाच गाडी मागून वीतभर वर गेली. पण नारळही तिच्याबरोबर वर गेला! तो सायलेन्सरच्या खोबणीत रुतला होता. गाडी खाली ठेवली, नारळ खाली आला.

"कोयता द्या," मामा म्हणाला. नवी सफारी घातलेला मामा चिखलात आडवा झाला, नुसते बूट बाहेर ठेवून गाडीखाली शिरला आणि आतून म्हणाला, "भाचं, काळजी करू नको. एकाच घावात फोडतो." एकच घाव बसला. 'खण्ण' असा. नारळ नव्हता तो. त्यानंतर गाडीतून जो आवाज यायला लागला, तो ऐकून दोन शेतांपलीकडची म्हैस दावं तोडून पळाली. मामा बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात सायलेन्सर होता. त्यानं तो सांडशीतल्या पातेल्यासारखा जपून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "नारळ लई टनक निघाला."

मी इंजिन बंद केलं. आबा लांब उभे होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसले, पण 'असंल काय तरी कारण' एवढंही त्यांच्या तोंडून निघेना. माझ्या मागून हुंदक्यासारखा आवाज आला. ज्या बहिणीनं माझ्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवली, तिला मी तिच्या एकुलत्या एका पाठवणीच्या दिवशी अशी कांद्याच्या वासात, चिखलात, बिनसायलेन्सरच्या गाडीत कोंडून ठेवली होती! मी आरसा वळवून पाहिलं. मंगल रडत नव्हती. ती हसू दाबत होती आणि ते नथीतून बाहेर पडत होतं.

"दादा," ती म्हणाली, "मला भायेर काढ."

"उतरायचं न्हाई!" आत्या गरजल्या. "बसल्याली नवरी उतरत नसती!"

"आत्याबाई, मी बसलेलेच न्हाई. मला घडी घालून ठिवलीय."

बायकांमध्ये खसखस पिकली. मंगलनं आवाज खाली आणला. "आनी खरं सांगू का दादा? ही गाडी मला नकोच व्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस कवा? मामाला इचारलंस, आबांना इचारलंस, पुन्याच्या मिस्त्रीला इचारलंस. कांद्याला सुदिक इचारलंस! हितनं मला काय दिसतंय सांगू? नुसते गुडगे. समद्या गावाचे गुडगे! एवढा शालू नेसून मी गुडग्यांना हात हालवू? मामाच्या पिकअपमधी बसव मला. उंच. खिडकीपाशी. समद्यांनी मला बघितलं पायजे."

मी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी थोडा विचार केला. त्यांच्याकडच्या रिवाजांत पळवाटही होती. "नवरीचा पाय जिमिनीला लागला न्हाई पायजे. मग चालंल."

म्हणून मी मंगलला उचललं. आधी अर्थातच तिला गाडीतून हप्त्याहप्त्यानं बाहेर काढली, जो पाय सर्वांत शेवटी आत गेला होता, तो आधी. पिकअप पंचवीस पावलांवर होती आणि मध्ये तो माझ्याच कर्तबगारीचा चिखल.

"पाडशील दादा!"

"गप गं. हलू नको."

"लई जड झालेय का?"

"नाही," मी म्हणालो. धापा टाकत होतो म्हणून पुढचं काही बोलता आलं नाही. बोलायचं बरंच होतं. ती माझ्या फेट्याचा शेमला धरून बसली होती. स्टुलावर चढून तिला खिडकीपाशी बसवलं, तेव्हा सगळा गाव खालून मान वर करून तिच्याकडे पाहत होता. पिकअपच्या चाकाखाली दुसरा नारळ ठेवला. मामानं गाडी सोडली. फट्! एका दमात दोन शकलं! बायकांना पुन्हा रडायला आलं, वाजंत्रीवाल्यांना हुरूप आला, आणि मंगलनं उंच खिडकीतून सगळ्यांना, चेहऱ्यांना, हात हलवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (हाताला कांद्याचा वास होताच, पण तेवढंच कारण नव्हतं.)

"थांबा!" चॉकलेटी तात्यांनी पिकअपच्या फाळक्यावर थाप मारली. "यादीत भावाची गाडी लिहिलीय. गाडी न्हाई तर निदान भाऊ तरी चढवा!"

पुढं मामा, नितीन, करवली आणि मंगल असे दाटीवाटीनं बसलेले. म्हणून मला मागं चढवलं. मागं मंगलच्या संसाराचं सामान होतं: लोखंडी कपाट, गाद्या, रुखवत. मी कपाटाला मिठी मारून बसलो. गाडी निघाली तशी हौद्यात साठलेली कांद्याची टरफलं उडायला लागली आणि माझ्या कोटावर, केसांवर, भुवयांवर बसली. मंचर ओलांडताना खिशातला मोबाइल वाजला. नुकतंच इनकमिंग फुकट झालं होतं, त्यामुळे मी कुणाचाही फोन घेत असे. पुण्याचा मिस्त्री!

"साहेब, कालच कळवणार होता तुम्ही. स्प्रिंगांचं काय करू?"

"नको," मी वाऱ्यात ओरडलो. "गाडी आपोआप खाली बसली."

"आपोआप? ओझं ठेवलं होतं का?"

"थोडं. सोळा दिवस."

"अहो साहेब, मग मागच्या स्प्रिंगा मेल्या त्या. नव्या टाकाव्याच लागतील. इंजिनियर ना तुम्ही?"

"टाका."

"आखूड, का कंपनीच्या?"

समोरच्या ट्रकच्या चाकाचा धक्का बसेल एवढ्या जवळून आम्ही गेलो. मी कपाट आणखी घट्ट धरलं. "बाजारात असतील तितक्या लांब!"

वारूळवाडीला पोहोचलो. घरापुढं हीऽ गर्दी. मंगल पिकअपमधून उतरायच्या आधीच सगळ्यांनी तिला पाहून घेतलं होतं. तिला ओवाळून, भाकरतुकडा उतरवून आत नेलं. मागं सामान उतरवायला माणूस कमी पडत होता. मी कोट काढला, फेट्याची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली आणि कपाटाचं एक टोक उचललं. दुसरं नितीनच्या एका मित्रानं धरलं.

उंबऱ्याजवळ खुर्चीवर नवरदेवाची आजी बसली होती. गुडघे दुखतात म्हणून ती लग्नाला आली नव्हती, त्यामुळे मला ओळखत नव्हती. तिनं माझा हात धरून थांबवलं.

"का रं बाबा, नवरीचा भाऊ लई शिकल्याला हाय म्हनत्यात. लाल गाडी घिऊन येनार व्हता. कुटं दिसंना?"

मी मामाकडे पाहिलं. मामानं आकाशाकडे पाहिलं. आतून मंगलच्या बांगड्यांचा आवाज आला. ती दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती आणि मला वाचवायचा तिचा अजिबात विचार दिसत नव्हता.

"येतोय मागनं," मी म्हणालो.

"शिकल्याली मानसं अशीच," आजी म्हणाली. "कामाच्या वक्ताला गायब! त्याच्यापरीस तुज्यासारकं एखादं पोरगं बरं बग. ते कपाट तितं भित्तीला लाव, आनी गाद्या ऱ्हायल्यात त्या घिऊन ये."

आजीचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मी कपाट भिंतीला लावलं आणि गाद्या आणायला गेलो.